ऊन बघून तलावात उतरू नका, पाणी बघून उतरा

(हातात छोटी बाटली, आत थर्मामीटर, बाटलीला गाठी मारलेली दोरी)

नमस्कार मंडळी. ही छोटी बाटली, तिच्यात थर्मामीटर, आणि दोरीला दर मीटरवर एक गाठ. बाटली पाण्याने भरायची, हव्या त्या गाठीपर्यंत खाली सोडायची, दहा मिनिटं थांबायचं आणि भरभर वर ओढायची. बाटलीतलं पाणी लगेच तापत नाही, त्यामुळे खालचा आकडा वर येईपर्यंत टिकून राहतो. तलावात पोहायला निघताना माझा चष्मा एक वेळ घरी राहील, ही बाटली नाही.

उन्हाळ्यात खोल तलावात पोहला असाल तर हे तुम्हीही अनुभवलं असेल. आडवे पोहत असता तोवर पाणी कोमट. दम खायला म्हणून थांबता, पाय खाली सोडता, आणि पोटऱ्यांना एकदम गारठा झोंबतो. पाय वर घेतले की पुन्हा कोमट. बरेच जण म्हणतात, खाली झरा असणार. एखाद्या ठिकाणी असेलही. पण बहुतेक वेळा तो झरा नसतो, तलावाचा दुसरा थर असतो.

उन्हाची ऊब वरच्या काही मीटरमध्येच मुरते. तापलेलं पाणी हलकं, म्हणून ते वरच तरंगत राहतं, आणि वारा त्याला ठरावीक खोलीपर्यंतच ढवळू शकतो. त्याच्याखालचं पाणी जड आणि गार. दोन्हींच्या मध्ये एक पट्टा असतो, तिथे तापमान एखाद-दोन मीटरमध्ये झपकन उतरतं. बाटली सोडली की हे स्वच्छ दिसतं: वरच्या तीन-चार गाठींना आकडा जवळपास तोच, आणि पुढच्याच गाठीला पारा घसरलेला. या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. एडवर्ड बर्ज या अमेरिकन अभ्यासकाने 1897 मध्ये हे नाव दिलं.

आता पाण्याचा स्वभाव समजून घेऊ, कारण सगळं त्यावर उभं आहे. बहुतेक पदार्थ गार होत जातात तसे आक्रसत जातात. गोडं पाणी साधारण 4 अंशांपर्यंत तसंच वागतं आणि मग उलटं फिरतं: 4 च्या खाली गेलं की ते पुन्हा प्रसरण पावतं, हलकं होतं. थंड प्रदेशातल्या तलावाचं वर्ष या एका गोष्टीवर फिरतं. शरद ऋतूत वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, वरखालचं तापमान एक होतं, आणि वारा अख्खा तलाव तळापासून ढवळून काढतो. हिवाळ्यात 4 च्या खाली गेलेलं पाणी वर राहून गोठतं, तळाशी मात्र 4 अंशांच्या आसपासचं पाणी शिल्लक असतं, म्हणूनच बर्फाखाली मासे जगतात. बर्फ वितळला की पुन्हा एकदा ढवळण. उष्ण प्रदेशातले तलाव गोठत नाहीत, तिथलं चक्र वेगळं असतं. अनेक तलाव वर्षातून एकदाच, थंडीच्या दिवसांत, ढवळले जातात.

म्हणजे वसंतात थंड प्रदेशातला तलाव 4 अंशांपासून सुरुवात करतो. आणि पाणी तापायला फार ऊब लागते: एक किलो पाणी एक अंशाने तापवायला सुमारे 4.2 किलोज्यूल, मातीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून तलाव हवेच्या मागे राहतो. उत्तर गोलार्धात सगळ्यात मोठा दिवस 21 जूनच्या सुमारास येतो, पण बहुतेक तलाव सर्वात उबदार होतात ते जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये. उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियरसारख्या अजस्र सरोवराला तर कधी सप्टेंबर उजाडतो. मे महिन्यातल्या आणि सप्टेंबरमधल्या दुपारी हवा अगदी सारखी असेल, काठावर बसून फरक कळणारही नाही. पाण्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मे महिन्यातल्या त्या छान दुपारची.

पाणी शरीराची ऊब हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने ओढून घेतं. स्पर्धेच्या तरणतलावात पाणी 25 ते 28 अंश ठेवतात. खुल्या पाण्यातल्या शर्यतींना वर्ल्ड ॲक्वाटिक्स या पोहण्याच्या जागतिक संघटनेची किमान मर्यादा 16 अंशांची, आणि कमाल 31 ची, कारण अति कोमट पाण्यात जोरात पोहणंही अंगावर येतं. 15 च्या खाली अचानक उतरलात तर पहिल्याच क्षणी तोंड उघडून मोठा श्वास आत ओढला जातो. तो आपल्या हातात नसतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर? म्हणूनच मी सूर मारू नका म्हणतो. उन्हाळ्यातही वरचं पाणी कोमट म्हणून उंचावरून उडी घेतलीत, तर ती तुम्हाला थेट त्या गार थरात नेऊ शकते.

कॅनडातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त गोठवणाऱ्या पाण्यासाठी 1-10-1 असा हिशेब सांगतात. एक मिनिट श्वास ताब्यात आणायला. त्यानंतर सुमारे दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. आणि गारठ्याने शुद्ध हरपायला साधारण एक तास. बारकाईने पाहा: शरीराचं तापमान घसरण्याआधीच धोका येऊन गेलेला असतो. पट्टीचे पोहणारेही पहिल्या मिनिटात श्वास न सापडल्यामुळे किंवा नंतर हात गारठल्यामुळे बुडतात. पाण्यात सापडलात तर पहिलं मिनिट पोहायची धडपड करू नका. उताणे व्हा, कान पाण्यात, तोंड वर, श्वास आवाक्यात येईपर्यंत फक्त तरंगा.

वाऱ्याकडेही लक्ष ठेवा. दिवसभर एकाच दिशेने जोराचा वारा वाहिला तर तो वरचं कोमट पाणी समोरच्या काठाकडे रेटतो, आणि ज्या काठावरून वारा सुटतो तिथे खालचं गार पाणी वर येतं. काल जिथे मजेत पोहलात तिथेच आज पाणी कित्येक अंश गार लागू शकतं. म्हणून रोज नव्याने मोजायचं.

उबदार, संथ पाण्याची काळजी वेगळी. हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग किंवा काठाला साचलेला हिरवा साका दिसला, तर पाण्यात पायही घालू नका, कुत्र्यालाही जाऊ देऊ नका. ते विषारी सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखे दिसणारे जिवाणू, असू शकतात, आणि नुसतं बघून विषारी कोणते, हे ओळखता येत नाही.

उतरताना पावलं, गुडघे, कंबर असं टप्प्याटप्प्याने. मानेवर, चेहऱ्यावर पाणी मारायचं, श्वास सावकाश सोडायचा. काठाला समांतर पोहायचं, सोबत कुणीतरी हवंच. बाहेर आल्यावरही थोडा वेळ शरीर आतून गार होतच राहतं. बरं वाटतंय तोवरच ओले कपडे काढा, अंग पुसा, कोरडे कपडे आणि टोपी घाला, मग काहीतरी गरम आणि गोड प्या. लगेच कढत शॉवरखाली उभं राहू नका, चक्कर येऊन पडायला होतं. आणि दात वाजत असतील, बोटांना पकड येत नसेल, तोवर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या.