स्टेशन डायरीतली वेळ

(कायद्याचे विद्यार्थी आणि नवोदित वकील यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पोलिसांनी विनाकारण अटक केली, मारलं, तर भरपाई मिळते का, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो : किती वाजता नेलं होतं? माणूस गोंधळतो. त्याला पट्टा आठवतो, शिवी आठवते, कुठल्या हवालदाराने पाणी दिलं तेही आठवतं. वेळ आठवत नाही. आणि या कायद्याचा सगळा जीव वेळेत आहे.

एक जुनी गोष्ट सांगतो. १७६३, लंडन. राजाच्या भाषणावर टीका करणारा एका नियतकालिकाचा अंक निघाला आणि सरकारने बिननावाचं वॉरंट काढलं. लेखक, मुद्रक, प्रकाशक, जो सापडेल त्याला धरा. त्यात हकल नावाचा छापखान्यातला एक कामगार सापडला. आठवड्याला एक गिनी, म्हणजे पौंडाहून किंचित जास्त पगार. त्याला सुमारे सहा तास ठेवलं. मारलं नाही, उलट बीफस्टेक आणि बिअर देऊन पाहुणचार केला. त्याने दावा लावला आणि ज्युरीने ३०० पौंड दिले. सरकार पक्ष म्हणाला, ही रक्कम फार झाली. न्यायाधीश प्रॅट यांनी मान्य केलं की नुसत्या शारीरिक त्रासाचे म्हणाल तर २० पौंडही पुरले असते. पण बिननावाच्या वॉरंटवर माणूस उचलणं ही वेगळीच बाब आहे, असं म्हणत त्यांनी आकडा कायम ठेवला. बेकायदा अटकेत नुकसान तासांचं आणि स्वातंत्र्याचं असतं. वळ उठलाच पाहिजे असं नाही. ‘मारलं तर नाही ना, मग कशाला भांडतोस’ असं आपल्याकडे आजही म्हणतात, म्हणून हे आधी सांगितलं.

आपल्याकडे हे इतकं सरळ झालं नाही. १९४७ च्या सप्टेंबरमध्ये मेरठमध्ये एका सराफी पेढीच्या भागीदाराला संशयावरून रात्री पकडलं. त्याच्याजवळचं शंभर तोळ्यांवर सोनं आणि चांदी जप्त केली. तो सुटला, चांदी परत मिळाली, सोनं मात्र नाही. कारण मालखान्यातला, म्हणजे जप्त माल ठेवतात तिथला, हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला होता. कस्तुरीलाल खटला तो हाच. सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणा झाल्याचं मानलं, पण अटक आणि जप्ती हे सार्वभौम सत्तेचं, म्हणजे फक्त राज्यसत्ताच करू शकते असं काम, म्हणून सरकार भरपाई देणं लागत नाही, असं ठरवलं. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी निकालातच म्हटलं की यावर कायदा करायला हवा. साठ वर्षं होऊन गेली. तसा स्वतंत्र कायदा अजून नाही. एवढंच कशाला, १९७९ मध्ये नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने मान्यता दिली, तेव्हा बेकायदा अटकेच्या भरपाईच्या कलमापुरतं आपण लिहून दिलं की असा अंमलबजावणीयोग्य हक्क आमच्या कायद्यात नाही.

वाट निघाली ती संविधानातून. रुदल साह हा बिहारमधला कैदी. ३ जून १९६८ ला निर्दोष सुटला, आणि तुरुंगाच्या बाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ ला. मधली चौदा वर्षं सरकारकडे धड उत्तर नव्हतं. वेडा होता म्हणून ठेवला, असं काहीतरी सांगितलं गेलं. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी १९८३ मध्ये, आधी दिलेल्या ५,००० रुपयांशिवाय आणखी ३०,००० अंतरिम भरपाई म्हणून द्यायला लावले. चौदा वर्षांचे पस्तीस हजार! पण मूलभूत हक्क मोडला म्हणून रिट याचिकेतच, म्हणजे थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जातच, पैसे देता येतात, हे त्या दिवशी ठरलं. दोन वर्षांनी विधानसभेला निघालेल्या भीमसिंह या आमदाराला अडकवून ठेवल्याबद्दल ५०,००० मिळाले. आमदाराचे दिवस कैद्याच्या वर्षांपेक्षा महाग, असं मी वर्गात गमतीने म्हणतो. त्यात गंमत फारशी नाही.

मग नीलाबती बेहेरा. ओडिशातली आई. १ डिसेंबर १९८७ ला तिचा बावीस वर्षांचा मुलगा सुमन याला चौकीत नेलं. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वे रुळांवर सापडला. तिने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि त्या पत्राचीच याचिका झाली. पोलिसांचं म्हणणं असं : पहाटे तीनच्या सुमाराला त्याने बांधलेला दोर दातांनी कुरतडला, पळाला आणि गाडीखाली आला. इथे वेळेकडे बघा. कोठडीतला माणूस तीन वाजता पळाला, तर तीन वाजून पाच मिनिटांनी काय झालं? शोधाशोध कुठे आहे? मृतदेह रेल्वेच्या माणसांनी पाहिला, पोलीस तिथे पोहोचले फार उशिरा. वैद्यकीय पुराव्यात जखमा लाठीच्या मारासारख्या निघाल्या. १९९३ मध्ये दीड लाख रुपये मिळाले, आणि मूलभूत हक्क मोडल्याबद्दलच्या अशा दाव्यात सार्वभौम सत्तेचा बचाव चालणार नाही, असंही न्यायालयाने सांगून टाकलं.

आता एक गैरसमज. ‘मी निर्दोष सुटलो, म्हणजे अटक खोटी होती.’ तसं नसतं. अटकेच्या क्षणी पोलिसांपुढे जे होतं, त्यावर वाजवी संशय येत होता का, आणि संशय असला तरी अटकेची गरज होती का, एवढंच पाहतात. गरजेचा मुद्दा जोगिंदर कुमार निकालाने १९९४ मध्ये स्पष्ट केला : अधिकार असणं वेगळं आणि तो वापरायला कारण असणं वेगळं. उलटही खरं. खरोखर गुन्हा केलेल्या माणसाची अटकसुद्धा बेकायदा असू शकते. कारणं सांगितली नाहीत, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेलं नाही, की झाली. खोटा खटला चालवल्याचा दावा हे तिसरंच प्रकरण. तिथे दुष्ट हेतू सिद्ध करावा लागतो, आणि तो फार क्वचित होतो.

बळाचंही तसंच. ‘पोलिसांनी हात लावायचाच नाही’ असं कायदा म्हणत नाही. अटकेला विरोध केला तर लागेल तेवढं बळ वापरता येतं. पण माणूस पळू नये यासाठी लागेल त्याहून जास्त जखडू नका, असं अटक-तपासाची पद्धत ठरवणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४६ व्या कलमात आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होतंच. म्हणून बेड्या पडण्याआधीची जखम आणि नंतरची जखम यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ते अंतर दाखवतो डॉक्टर, जखमेचं वय लिहून. ‘मेडिकल करून आणा’ म्हणून नेतात तेव्हा डॉक्टरसमोर शर्ट काढला का, हे मी प्रत्येकाला विचारतो. बहुतेकांनी काढलेला नसतो.

आणि मग रिमांड, म्हणजे आरोपीला पुढे कोठडीत ठेवायचं का हे मॅजिस्ट्रेट ठरवतात ती पायरी. ते दृश्य तुम्ही पाहिलं नसेल तर एकदा न्यायालयात जाऊन बसा. मॅजिस्ट्रेट विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ आरोपी म्हणतो, ‘नाही साहेब.’ ज्याने मारलं तो त्याच्या मागे दोन पावलांवर उभा असतो आणि त्याच्याबरोबरच परत जायचं असतं. चार सेकंदांत ‘तक्रार नाही’ असं कागदावर येतं. पुढे दोन वर्षांनी भरपाईच्या याचिकेला उत्तर देताना सरकारी वकील तोच कागद वर काढतात.

माझ्याकडे आलेला एक तरुण. पोलीस ठाण्याचं नाव सांगत नाही. चौकशीला बोलावलं म्हणून स्वतःच्या स्कूटरवरून गेला. रात्री ९ वाजून १२ मिनिटांनी बायकोला मेसेज : ‘इथेच बसवलंय, जेवायला थांबू नका.’ स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, अटक दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारची. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला मॅजिस्ट्रेटपुढे. डायरीप्रमाणे साडेबावीस तास, सगळं कायदेशीर. मेसेजप्रमाणे जवळजवळ बेचाळीस. मधल्या एकोणीस तासांना पोलिसांच्या भाषेत ‘बसवून ठेवणं’ म्हणतात. पायाच्या तळव्यांवर मारलं ते त्याच तासांत, जे कागदावर नव्हतेच. डी. के. बसू निकालाने १९९६ मध्ये अटकेचा मेमो म्हणजे लेखी नोंद, त्यावर वेळ, घरच्याची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठिताची साक्ष, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, हे सगळं घालून दिलं. पण मेमो अटकेचा करायचा असतो. बसवून ठेवण्याचा मेमो नसतो. न्यायालयाचा कटाक्ष अर्थातच स्वातंत्र्य खरोखर कधी गेलं यावर असतो. दार उघडं होतं म्हणता, मग तो उठून घरी जाऊ शकला असता का? तेवढं सिद्ध करायला पुरावा मात्र लागतो.

तो पुरावा भिंतीवर असतो. परमवीरसिंग सैनी प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं. चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर जपायचं. म्हणून सुटल्या सुटल्या पहिला अर्ज चित्रण राखून ठेवण्याचा, पोच घेऊन. नुसतं ‘कॅमेरा बंद होता’ असं उत्तर आलं तरी ते लेखी घ्या. बंद का होता, हे त्यांना सांगावं लागतं.

मुदतीकडे वकीलसुद्धा दुर्लक्ष करतात. दिवाणी दावा लावायचा तर बेकायदा कैदेच्या भरपाईला मुदत एकच वर्ष, सुटका झाल्या दिवसापासून. सरकारला दोन महिन्यांची नोटीस आधी द्यायची. मानवाधिकार आयोगाकडेही वर्षाच्या आत जायचं. रिट याचिकेला अशी ठरावीक मुदत नाही, पण उशीर का झाला हे पटवावं लागतं. शिवाय तथ्यांवर मोठा वाद असला तर उच्च न्यायालय म्हणतं, दिवाणी न्यायालयात जा. पैसे मिळालेच तर देतं सरकार, म्हणजे तुम्ही-आम्ही. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ च्या अटकेबद्दल २०१८ मध्ये पन्नास लाख मिळाले, तेही सरकारनेच दिले.

त्या तरुणाला जामीन झाल्यावर घरच्यांनी सांगितलं होतं, ‘सुटलास ना, आता गप्प बस.’ तो गप्प बसला. माझ्याकडे आला तेव्हा तेरावा महिना लागला होता. चित्रणाचा अर्ज केला; उत्तर आलं की वर्षापूर्वीचं चित्रण आपोआप पुसलं गेलं. दिवाणी दाव्याची मुदत संपली होती. तळव्यांचे फोटो कुणी काढले नव्हते. हातात उरला तो ९ वाजून १२ मिनिटांचा मेसेज, बायकोच्या जुन्या फोनमध्ये, काच तडकलेली. फोन तसाच ठेवा, विकू नका, एवढं सांगून मी रिट याचिका लिहायला घेतली.