साडेसातची आरती

नमस्कार श्रोतेहो.

दांडिया बाजारात माझ्या मावशीचं घर आहे. जुना वाडा, मधे चौक, मागे बुजवलेली विहीर. गणपतीत तिच्याकडे संध्याकाळची आरती सातच्या ठोक्याला. उशीर झाला तर दारात चपला काढेपर्यंत 'सुखकर्ता' संपलेलं असायचं. मी परदेशी पाहुण्यांना बडोदा दाखवायचं काम करतो. वीस-बावीस वर्षं झाली. एका वर्षी चार फ्रेंच मंडळींना घेऊन मी आरतीला गेलो. मावशी खूश. सगळ्यांना कुंकू लावलं, हातावर मोदक ठेवला, एका बाईंच्या हातात झांजा दिल्या. आरती झाली आणि त्यांच्यातला एकजण ओशाळून मला म्हणाला, कॅमेरा चालूच झाला नव्हता, पुन्हा एकदा म्हणतील का? मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "अरे, कापूर जळून गेला की!" आणि डबीतून दुसरी वडी काढली.

पुढच्या वर्षी हॉटेलवाल्यांनीच विचारलं, त्या घरी न्याल का? त्याच्या पुढच्या वर्षी मिनीबस आली. ती रावपुऱ्याच्या गर्दीत अडकायची. मावशीने आरती आधी सव्वासातला नेली, मग साडेसातला. तिला कोणी सांगितलं नव्हतं, ती पैसेही घेत नव्हती. आता ही बस तिच्या दारात आणणारा मीच, तेव्हा आज पर्यटनाबद्दल जे बोलणार आहे ते दुसऱ्याकडे बोट दाखवून नाही.

१९५० साली जगभरात एका वर्षात परदेशवाऱ्या मोजल्या गेल्या सुमारे अडीच कोटी. २०१९ मध्ये तोच आकडा १४६ कोटींच्या आसपास गेला. विमानं स्वस्त झाली, मोबाइलवर खोली मिळायला लागली. हे सगळे लोक कुठेतरी उतरतात, आणि जिथे उतरतात तिथे आधीपासून कोणीतरी राहत असतं. व्हेनिसच्या जुन्या शहरात एकेकाळी पावणेदोन लाख माणसं राहायची, आता पन्नास हजारसुद्धा उरलेली नाहीत. २०२४पासून गर्दीच्या ठरावीक दिवसांत, मुक्काम न करता नुसतं फिरून जाणाऱ्याकडून तिथे पैसे घेतात, पहिल्या वर्षी पाच युरो घेतले. गावात शिरायला तिकीट! बार्सिलोनात तर त्याच वर्षी लोकांनी पर्यटकांवर पिचकाऱ्या मारल्या. आपल्याला हसू येतं, पण त्यांचं दुखणं घरभाड्याचं होतं. जो फ्लॅट महिन्याने एखाद्या शिक्षिकेला मिळायचा, तो रात्रीच्या दराने पाहुण्यांना जायला लागला. तिथल्या महापौरांनी अखेर दहा हजारांहून जास्त पर्यटक-फ्लॅटचे परवाने २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत असं जाहीर केलं.

बडोद्याचं असं काही झालेलं नाही. आपल्याकडे परदेशी माणूस येतो तो बहुतेक जाता जाता. सकाळी लक्ष्मी विलास पॅलेस, राजा रविवर्म्यांची चित्रं, वेळ उरला तर म्युझियममधली इजिप्तची ममी, आणि दुपारी गाडी केवडियाकडे. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं दाखवायला मी दहा मिनिटं मागून घेतो, तीही मिळतातच असं नाही. मग त्याचा पैसा कुठे जातो? विमानाचं तिकीट त्याने तिकडेच काढलेलं. खोलीच्या भाड्यातला हिस्सा बुकिंग करून देणाऱ्या कंपनीचा, आणि हॉटेल मोठ्या साखळीतलं असेल तर नफा दुसऱ्या शहरात. गावात राहतात वेटरचे पगार, ड्रायव्हरचा भत्ता, माझी फी आणि पाण्याच्या बाटल्या. शेवउसळीच्या गाडीवर मी एकदा एका जर्मन जोडप्याला नेलं. दोघांनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्लं, वर तर्री मागितली. त्या संध्याकाळी खरी कमाई गाडीवाल्याची झाली. त्यांच्या सहलीच्या कागदावर मात्र ही गाडी नव्हती.

चांपानेरला गेलात तर दुसरी बाजू दिसते. २००४ मध्ये चांपानेर-पावागड युनेस्कोच्या यादीत आलं. आपण जामा मशिदीचे मनोरे बघतो, पण तटाच्या आत आजही वस्ती आहे. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरांत नवं बांधकाम करता येत नाही, घराच्या दुरुस्तीलाही परवानगी काढावी लागते, आणि त्याच्या पुढच्या दोनशे मीटरांतही नियम आहेत. कायदा स्मारकांसाठी आहे, पर्यटकांसाठी नव्हे, हे मला मान्य. कायदा नसता तर त्या दगडांचं काय झालं असतं तेही मला ठाऊक आहे. पण पावसाळ्याआधी भिंतीला टेकू लावणाऱ्या माणसाला हा फरक समजावून सांगायला माझी जीभ रेटत नाही.

केवडियाबद्दल मी जपून बोलतो. १८२ मीटरचा सरदारांचा पुतळा २०१८ मध्ये उभा राहिला. तिथे येणारे बहुतेक आपलेच लोक, परदेशी थोडे. पण तिथली कहाणी त्याच्या कितीतरी आधीची. साठच्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदेवरच्या धरणाच्या कामासाठी सहा गावांची जमीन घेतली गेली, आणि त्या जमिनीवर पुढे पर्यटन येईल असं तेव्हा कोणी म्हटलं नव्हतं. अनावरणाच्या आधी आसपासच्या बावीस गावांच्या सरपंचांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं, आम्ही स्वागताला येणार नाही म्हणून. आणि आज त्याच भागातल्या आदिवासी बायका तिथे गुलाबी ई-रिक्षा चालवतात. त्यातल्या एकीच्या रिक्षात मी बसलो आहे. आरशाला झेंडूची माळ, आणि गिऱ्हाइकाशी बोलायची पद्धत अशी की मी माझं मुद्दाम शिकलेलं इंग्रजी गिळून टाकलं. जमीन गेली हे खरं, आणि या बाईच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला हेही खरं. या दोन्हींचा हिशोब एका वहीत कसा मांडायचा, मला जमलेलं नाही.

प्रवासी फक्त घेऊनच जातो असंही नाही, हे बडोदेकराला सांगायला नको. आपले सयाजीराव महाराज १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले, पुढे अमेरिकेलाही जाऊन आले. तिथली ग्रंथालयं बघितली आणि १९१० मध्ये बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून घेतले. गावोगाव वाचनालयं झाली ती त्यातून. महाराजही परदेशात पाहुणेच होते, पण डोळे उघडे ठेवून फिरले. माझ्या गिऱ्हाइकांतही तसे निघतात. युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली एक पोलिश मुलगी चार नवरात्रं इथे राहिली. पासवाल्या मोठ्या मैदानापेक्षा तिला आमच्या गल्लीतला गरबा आवडायचा. ती टाळ्या चुकवायची आणि बायका तिला ओरडायच्या, तेही गुजरातीत, कारण तिला पाहुणी समजणं तोवर बंद झालं होतं. २०२३ मध्ये युनेस्कोने गरब्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा तिने क्राकोहून फोन केला. मला नाही, ओरडणाऱ्या बायकांपैकी एकीला.

मावशीला मी एकदा सरळ विचारलं, बस बंद करू का? ती म्हणाली, "येऊ देत रे. पण त्यांना सांग, बसून घ्या म्हणावं. उभ्याने फोटो काढतात, मागच्यांना मूर्ती दिसत नाही." तेव्हापासून मी बसमध्येच सांगतो, फोटो आरतीनंतर. काहीजण तोंड वाकडं करतात. एका ग्रुपने माझ्याबद्दल तक्रारही लिहिली.

मग २०२० आलं. विमानं बंद, हॉटेलं बंद, आणि गणपती मात्र ठरलेल्या दिवशी बसले. वाड्यात घरची सहा माणसं. मी पावणेसातला पोचलो, म्हटलं आता जुनी वेळ. मावशीने तबक तयार ठेवलं होतं, समोर पाटावर बसली होती. सात वाजले. ती उठली नाही. सव्वासात झाले. शेवटी माझ्या मामेभावाने विचारलं, आत्या, कोणाची वाट बघतेस? तिने दाराकडे बघितलं, जरा हसली, आणि काड्यापेटी शोधायला लागली.