आधी यंत्र, मग मास्क

(दृश्य: दगड कापण्याची शेड. करवत सुरू. एकेक करून दिवे मालवले जातात.)

निवेदन:
शेडमधले दिवे कारखाना निरीक्षक मॅडमनी मालवायला सांगितलेत. करवत मात्र चालूच आहे. तिच्या मागे त्यांनी तिकाटण्यावर एक प्रखर दिवा लावला आणि स्वतः झोताच्या जरा बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

(दृश्य: झोत. धूळ दिसू लागते. इथे पाच सेकंद फक्त करवतीचा आवाज.)

निवेदन:
थोड्या वेळापूर्वी याच जागी हवा स्वच्छ वाटत होती. जाड धूळ पात्याखाली पडते, ती झाडून काढता येते. झोतात तरंगताना दिसतेय ती बारीक धूळ. तिच्यातले सर्वांत बारीक कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. दगडात स्फटिकरूप सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच खनिज, असेल तर त्यातून सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, आणि तो बरा करणारं औषध नाही.

दिवा धुळीची वाट दाखवतो. ही वाट पात्यापासून निघते आणि सरळ कारागिराच्या नाकाकडे जाते. धूळ ओढणारा हूड वर बसवलेला आहे, पंखाही फिरतोय. मग धूळ तिकडे का जात नाही?

(दृश्य: काचेच्या बारीक नळीतून पांढऱ्या धुराचा फुगारा. हूडच्या तोंडाशी धूर झटकन आत जातो.)

निवेदन:
हूडच्या तोंडाशी सोडलेला धूर पटकन आत गेला. आता मॅडम तीच नळी पात्याजवळ आणतात.

(दृश्य: धूर जागच्या जागी रेंगाळतो, मग कारागिराकडे वळतो.)

निवेदन:
हूडचं तोंड जेवढं रुंद, तेवढं अंतर मागे सरकलं की त्याची ओढ साधारण एक दशांश उरते. इथे अंतर त्याच्या दुप्पट आहे. पंख्यावर खर्च झालाय, वीजही जळतेय, आणि धूळ आहे तिथेच आहे.

या शेडमध्ये प्रत्येकाच्या तोंडावर मास्क आहे, मालकांनी तो आवर्जून दाखवला. मॅडमनी मास्क पाहिला, त्याच्या कडेनं बोट फिरवलं आणि त्या परत करवतीकडे वळल्या. त्यांच्या कामातला क्रम ठरलेला आहे. धोका मुळातच टाळता येतो का? नाही, तर पद्धत बदलता येते का? इथे पात्यावर पाण्याची धार सोडता येईल. हूड पात्याशी आणता येईल. माणसाच्या अंगावर चढवायच्या वस्तूंचा विचार सगळ्यांत शेवटी, कारण मास्क दाढीपाशी उचलला जातो, घामानं सरकतो, बोलताना खाली ओढला जातो. पाण्याची धार रोज कुणी तोंडाला बांधायची नसते.

(दृश्य: कारागिराच्या कमरेला छोटा पंप, कॉलरला चिमुकलं यंत्र.)

निवेदन:
दिव्यानं धूळ दिसली, पण किती आहे ते कळत नाही. त्यासाठी हा पंप. कॉलरवरच्या डबीत हवा गरगर फिरते, जाड कण वेगळे होऊन खाली पडतात आणि बारीक कण गाळणीवर बसतात. गाळणी आधी तोलून आणलेली असते, नंतर पुन्हा तोलतात, आणि प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी तिच्यातली सिलिका मोजतात. डबी नाकातोंडापासून वीतभर अंतरातच लावायची, कारण मोजायची आहे ती या माणसाच्या श्वासातली हवा. शेडच्या दारातली नाही.

(दृश्य: जुन्या सूतगिरण्यांची चित्रं. माग, पट्टे, मुलं.)

निवेदन:
कारखान्यात शिरून असं मोजण्याचा अधिकार फार जुना नाही. ब्रिटनमध्ये १८०२ पासून गिरण्यांसाठी कायदे होते, पण देखरेख स्थानिक दंडाधिकाऱ्यांवर सोपवलेली, आणि कायदे कागदावरच राहिले. १८३३ च्या कायद्यानं पहिल्यांदा सरकारचे पगारी निरीक्षक नेमले. सगळ्या देशातल्या कापडगिरण्यांसाठी ते होते फक्त चार. त्यांतले लेनर्ड हॉर्नर १८५९ पर्यंत या कामात राहिले. त्यांचे अहवाल संसदेपुढे जात, आणि मुलांच्या कामाच्या तासांबद्दलची माहिती लोकांना त्यांतून कळे. फिरत्या यंत्रांना कठडा घालायची सक्ती १८४४ साली आली. पहिल्या दोन महिला निरीक्षक नेमल्या गेल्या १८९३ मध्ये.

पुढे १९४७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं ८१ क्रमांकाचा करार केला. त्यातल्या दोन गोष्टी या कामाचा कणा आहेत. ओळखपत्र असलेल्या निरीक्षकाला दिवसा किंवा रात्री, पूर्वसूचना न देता कारखान्यात जाता आलं पाहिजे. आणि तक्रार कुणी केली हे तर गुप्त राहिलंच पाहिजे, शिवाय आपण तक्रारीवरून आलो आहोत हेही मालकाला कळू द्यायचं नाही. कामगारांशी मॅडमचं जे बोलणं झालं, ते या फिल्ममध्ये त्यामुळेच नाही. आम्ही कॅमेरा बंद करून बाहेर थांबलो. सूचना देऊन केलेल्या भेटीत झाडलेली जमीन दिसते. हा अधिकार कमी करायची भाषा कुठे ऐकू आली, तर हे ध्यानात असू द्या.

(दृश्य: पत्रा दाबणारी प्रेस. जवळून: दोन हिरवी बटणं. एका बटणात लाकडाची पाचर.)

निवेदन:
ही पाचर पाहा. या प्रेसला दोन बटणं आहेत आणि दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ती खाली येत नाही. म्हणजे प्रेस खाली येताना दोन्ही हात बटणांवर, डायच्या, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याच्या, बाहेर. एका बटणात पाचर ठोकली की एक हात मोकळा होतो, आणि तोच हात पत्रा सरकवायला आत जातो.

“दादा, तासाला किती नग काढायचे असतात?” एवढंच मॅडम विचारतात. पाचर कुणी ठोकली हे त्यांनी विचारलं नाही. उत्तर आकड्यात आलं, आणि त्यांनी तो आकडा वहीत लिहून घेतला.

(दृश्य: प्रेससमोर लाइट कर्टनचे दोन खांब. थांबण्याचा वेळ मोजणारं उपकरण.)

निवेदन:
प्रेसला प्रकाशाचा पडदाही आहे. हात आडवा आला की यंत्र थांबतं. पण लगेच थांबत नाही, ब्रेक लागायला वेळ जातो. हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात. या प्रेसला थांबायला ०.३ सेकंद लागले. गुणाकार केला तर ४८ सेंटिमीटर, आणि त्यावर थोडी भर घालावी लागते. पडदा बसवलाय २० सेंटिमीटरवर. म्हणजे दिवा लाल होईल, यंत्र थांबू लागेल, पण ते पुरतं थांबण्याआधीच हात आत असेल.

प्रेस तिथल्या तिथे बंद केली. मनाई आदेश लिहिला गेला. दुपारच्या पाळीचं काम दुसरीकडे हलवावं लागलं.

(दृश्य: जमिनीखालची टाकी. मॅनहोल उघडं. मॅडम दोरीनं नळी खाली सोडतात.)

निवेदन:
बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो १९.५ च्या खाली गेला तर टाकीत उतरायचं नाही. आधी ऑक्सिजन, मग पेट घेणारा वायू, मग विषारी वायू, असा मोजण्याचा क्रम आहे. आणि मोजायचं वरती, मधे आणि तळाशी, कारण मिथेन वर जमतो आणि हायड्रोजन सल्फाइड खाली बसतो. वास येत नाही म्हणजे वायू नाही, असं इथे धरता येत नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला तर नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते.

(दृश्य: मीटरचा पडदा जवळून. आकडा उतरत जातो.)

निवेदन:
तळाशी १७. टाकीत काहीच नव्हतं, नुसता गंज. गंजताना लोखंड ऑक्सिजन खातं.

अशा बंदिस्त जागांतल्या मृत्यूंमध्ये ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला उतरलेले होते, असं अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेनं १९८६ साली नोंदवलं. जगभरात कामामुळे दरवर्षी जवळपास ३० लाख माणसं मरतात, असा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक मृत्यू आजारांचे.

(दृश्य: वीजपुरवठ्याची पेटी. हँडलवर चार कुलपं, प्रत्येकाचा रंग वेगळा.)

निवेदन:
टाकीतल्या ढवळणीचा वीजपुरवठा इथून बंद होतो. आत चार जण उतरणार, म्हणून चार कुलपं. ज्याचं कुलूप त्याची किल्ली, आणि ती त्याच्याच खिशात. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपलं कुलूप काढत नाही, तोवर हँडल हलत नाही. सुपरवायझरच्या टेबलात जादा किल्ल्यांचा जुडगा सापडला. मॅडमनी तो जप्त केला.

(दृश्य: प्रेस पुन्हा. नवा ब्रेक. पडदा मागे सरकवलेला.)

निवेदन:
ब्रेक बदलल्यावर थांबण्याचा वेळ ०.१८ सेकंदांवर आला आणि पडदा मागे नेला. बटणं नव्या जातीची आहेत. एक बटण दाबून ठेवलं तर प्रेस पुढचा फेरा घेत नाही. मनाई उठली.

(दृश्य: नोटिशीचा कागद. अक्षरांवरून कॅमेरा सरकतो.)

निवेदन:
दगडाच्या शेडचा अहवाल प्रयोगशाळेतून आला. सिलिका मर्यादेपेक्षा जास्त आहे. नोटिशीत पहिलं कलम पात्यावरच्या पाण्याचं, दुसरं हूडचं, तिसरं सगळ्या कारागिरांच्या छातीच्या तपासणीचं. मास्क चौथ्या कलमात आहे, आणि त्यापुढे लिहिलंय: वरील बदल पूर्ण होईपर्यंत.