कोषाचं सोनं ओलं असतं

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘फुलपाखराच्या कोषाला धातूची झळाळी कशासाठी?’ त्यातला ‘कशासाठी’ तेवढा लक्षात ठेवा, कारण तिथवर पोचेपर्यंत माझी वेळ संपलेली असते. आणि ही टेबलावर झाकून ठेवलेली वाटी पिण्याच्या पाण्याची नाही. तिचं नंतर सांगतो.

इंग्रजीतला ‘क्रिसॅलिस’ हा शब्द ग्रीक ‘ख्रुसोस’वरून, म्हणजे सोन्यावरून आला. लॅटिनमधला ‘ऑरेलिया’ही सोन्याचाच. अठराव्या शतकात इंग्लंडातली फुलपाखरूवेडी मंडळी स्वतःला ‘ऑरेलियन’ म्हणवून घेत. आपण मात्र नुसतं ‘कोष’ म्हणतो. अर्थात कोष म्हणजे खजिनाही, तेव्हा आपणही फार मागे नाही. कोषाध्यक्षांनी हसू नये, त्यांच्या कोषात काय चकाकतं ते आम्ही पाहिलंय.

आता माझं दुखणं. काही वर्षांपूर्वी कॉमन क्रो फुलपाखराची एक अळी मी कण्हेरीच्या पानांवर वाढवली. ती उलटी लटकली, कात टाकली, आणि हाती आला एक फिकट, मेणचट कोष. मी निराश. दुसऱ्या दिवशी बघतो तर आरसा! खिडकी, माझा चष्मा, हातातला कॅमेरा, सगळं त्यात वाकडंतिकडं दिसत होतं. फोटो काढून एका स्पर्धेला पाठवला. उत्तर आलं, ‘रंगांत फेरफार केल्यामुळे प्रवेशिका बाद.’ फेरफार! मला फोटोतली तारीख काढता येत नाही, मी सोनं कुठून ओतणार? पुरावाच नेऊन दाखवायचा ठरवलं. त्याच हंगामातला दुसरा एक कोष मरून वाळला होता. तो कापसात गुंडाळून घेऊन गेलो आणि परीक्षकांसमोर डबी उघडली. आत तपकिरी, सुरकुतलेली खारीक. परीक्षक काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं की हे सोनं ओलं असतं. कोषात धातूचा कणही नाही. कवचात एक दाट थर, एक पाणीदार थर अशा जोड्या एकावर एक रचलेल्या असतात. स्टाइनब्रेख्ट आणि सहकाऱ्यांनी 1985 साली या कुळातले कोष सूक्ष्मदर्शकाखाली मोजले, तेव्हा अडीचशेपर्यंत जोड्या भरल्या. प्रत्येक सीमेवरून थोडा थोडा उजेड परततो आणि त्याची बेरीज होते. सगळे थर एकाच जाडीचे असते तर एकच रंग दिसला असता. इथे जाडी बदलत जाते, म्हणून जवळजवळ सगळेच रंग परततात आणि चांदी दिसते. निळा गळला की सोनं. कात टाकल्यावर हे थर रचायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दिवशी कोष फिका. आणि वाळला की पाणी जातं, थर एकमेकांवर बसतात, खारीक होते.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बघा, म्हटलं नव्हतं?

तर, कशासाठी. भराभर सांगतो. एक मत असं की ही धोक्याची सूचना आहे: अळी विषारी पानं खाते, कोषही कडू, पक्ष्यांनो लांब राहा. दुसरं मत, लांबून तो दवाच्या थेंबासारखा वाटतो. तिसरं माझ्या आवडीचं, आरशाचं. भोवतालची पानं त्यात उमटतात, त्यामुळे कोषाची कडच नजरेला सापडत नाही. पण मग कडवा जातीच्या फुलपाखरांच्या हिरव्या कोषावर सोन्याचे नुसते ठिपके का? तिथे आरसा कामाचा नाही, हे मला मान्य आहे. सगळ्या सोन्याला एकच कारण असेल असा हट्ट मी सोडलाय.

इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड पोल्टनचा प्रयोग मात्र सांगितल्याशिवाय उठणार नाही. 1880 च्या दशकात त्यानं स्मॉल टॉर्टॉइजशेल फुलपाखराच्या अळ्या वेगवेगळ्या रंगांच्या पार्श्वभूमीवर ठेवल्या. काळ्यावर काळपट कोष झाले. सोनेरी कागदाच्या अस्तरावर सोनेरी कोष जास्त झाले! म्हणजे चमकायचं किती, हे निदान त्या जातीत आसपास बघून ठरतं. माझं आरशाचं मत याच प्रयोगावर टेकलंय.

त्याच पोल्टननं लिहून ठेवलंय की वाळून गेलेली चमक ओलं केल्यावर परत येते. मघाची वाटी आता उघडतो. आत तीच खारीक आहे, व्याख्यान सुरू झाल्यापासून भिजतेय. पुढच्या रांगेतल्यांनी आधी या, आणि कृपा करून फ्लॅश मारू नका.