पदक दिलंत, आता पडदाही द्या

नमस्कार श्रोतेहो.

सिनेमाच्या पुरस्कारांचे सोहळे आता इतके झालेत की कुणाला कशाबद्दल काय मिळालं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी सांगता येत नाही. नाच असतात, निवेदकांची टोलेबाजी असते, पहिल्या रांगेतल्या ताऱ्यांच्या चेहऱ्यांवरून कॅमेरा फिरत राहतो आणि अधेमधे वेळ उरलाच तर कुणाच्या तरी हातात बाहुली ठेवतात. या गर्दीत एकाच सोहळ्यात कुणी नाचत नाही. तो राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा. त्यातला एकाहत्तरावा सोहळा २३ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन नवरात्रात, दिल्लीच्या विज्ञान भवनात झाला. घरी बसून तो पाहिलेला एक साधा प्रेक्षक म्हणून मला आज तुमच्याशी बोलायचंय.

हा सोहळा अगदी सरकारी असतो आणि मला तो तसाच आवडतो. नाव पुकारतात, पुरस्कार कशासाठी ते थोडक्यात वाचतात, माणूस चालत येतो, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हातून पदक घेतो, फोटो होतो की परत आपल्या जागेवर. मोहनलाल यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, त्यांनी भाषण केलं, ते त्यांच्या मानाला शोभून दिसलं. बाकीच्यांना मात्र एकच मोजमाप. शाहरुख खानला जेवढा वेळ, जवळपास तेवढाच ‘सॅम बहादूर’ची रंगभूषा करणाऱ्या श्रीकांत देसाईंना. त्याच सिनेमाच्या वेशभूषेसाठी सचिन लोवलेकर आणि त्यांच्यासोबत दिव्या आणि निधी गंभीर. त्यातले विकी कौशलचे लष्करप्रमुख माणेकशा आपण सगळ्यांनी वाखाणले. पण त्या माणेकशांचं चेहऱ्यावरचं वय आणि अंगावरचा गणवेश ज्यांनी घडवला, त्यांची नावं एरवी शेवटच्या श्रेयनामावलीत, लोक खुर्च्यांतून उठत असताना, सरकून जातात. इथे ती मोठ्यानं वाचली गेली.

आणि मग मुलं आली! यंदा बालकलाकार म्हणून पाच जणांचा गौरव झाला आणि त्यातले चौघे मराठी सिनेमांतले. ‘जिप्सी’चा कबीर खंदारे, ‘नाळ भाग २’मधले श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप आणि त्रिशा ठोसर. पाचवी तेलुगूतली सुकृती वेणी बंड्रेड्डी. साडी नेसलेली इवलीशी त्रिशा व्यासपीठावर गेली तेव्हा सभागृहानं केलेला टाळ्यांचा कडकडाट तुम्हीही ऐकला असेल, दुसऱ्या दिवशी ती चित्रफीत घरोघरच्या मोबाइलवर फिरत होती.

माझं लक्ष मात्र श्रीनिवासवर होतं. हाच मुलगा पहिल्या ‘नाळ’मधला चैत्या. त्या भूमिकेसाठी सहासष्टाव्या पुरस्कारांत, म्हणजे २०१९ साली, त्यानं हाच पुरस्कार घेतला होता. लहान मूल पडद्यावर गोड दिसतं यात फारसं नवल नाही. दिग्दर्शकाला सांभाळून घेता आलं, तर पहिल्या सिनेमात निम्मं काम त्याचं वयच करून जातं. पण तेच पोर वाढतं, कॅमेरा म्हणजे काय ते त्याला कळायला लागतं, आणि तरीही ते पुन्हा त्याच माणसाच्या भूमिकेत खोटं न वाटता उभं राहतं, हे अवघड. म्हणून त्याचा हा दुसरा पुरस्कार मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचंही तेच. पहिल्या ‘नाळ’साठी पदार्पणाचा पुरस्कार आणि आता सर्वोत्कृष्ट बालचित्रपट.

मराठीपुरतं आणखी एक सांगतो. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला सुजय डहाकेंचा ‘श्यामची आई’. आता गंमत बघा. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले १९५४ साली आणि त्या पहिल्या वर्षीचं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं होतं आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला. सत्तर वर्षांनी त्याच साने गुरुजींच्या त्याच आईनं पुन्हा दिल्ली गाठली, आणि तीही कृष्णधवल रंगांतच. आशिष बेंडेंच्या ‘आत्मपॅम्फ्लेट’ला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, तोही योग्य हाती गेला. जातीबद्दल इतक्या मिश्कीलपणे बोलणारा सिनेमा आपल्याकडे क्वचित होतो.

आता जे पटलं नाही ते.

सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार विभागून दिला. ‘ट्वेल्थ फेल’साठी विक्रांत मॅसी आणि ‘जवान’साठी शाहरुख खान. विक्रांतबद्दल वादच नाही. मुखर्जीनगरच्या गल्ल्यांतून पिठाची गिरणी चालवत अभ्यास करणारा तो मुलगा त्यानं अंगात मुरवला होता. शाहरुखचाही मी चाहता आहे. पण त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला पहिला राष्ट्रीय पुरस्कार ‘जवान’साठी? त्याच्याच ‘स्वदेस’च्या वर्षी हा पुरस्कार ‘हम तुम’साठी सैफ अली खानला गेला होता. आणि यंदाच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते ‘स्वदेस’चे दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर. योगायोगच, दुसरं काही मला म्हणायचं नाही. पण जुनी बाकी चुकती करायची तर ती आयुष्यभराच्या कामाच्या पुरस्कारानं करावी, एका वर्षाच्या पुरस्काराची फोड करून नव्हे. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा मान ‘द केरला स्टोरी’ला गेला, तेव्हा केरळच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर नापसंती दाखवली. राजकारण क्षणभर बाजूला ठेवतो. निव्वळ दिग्दर्शन म्हणून पाहिलं, तरी जिथे कुजबुज पुरली असती तिथे तो सिनेमा ओरडतो, असं माझं मत.

आणि उर्वशी. या ज्येष्ठ अभिनेत्रीला ‘उळ्ळोळुक्कु’ या मल्याळम सिनेमासाठी सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तोही गुजराती ‘वश’च्या जानकी बोडीवालाबरोबर विभागून. उर्वशींनी त्यावर जाहीरपणे प्रश्न विचारला, की ही भूमिका सहाय्यक कशी ठरवली? त्यांचा प्रश्न रास्त आहे. केरळातल्या कुट्टनाडच्या पुरात बुडालेलं घर, घरात गेलेल्या मुलाचं शव, पाणी ओसरेपर्यंत दफन करता येत नाही, आणि त्या घरात अडकलेल्या सासू-सून. एवढाच सिनेमा. सून पार्वती तिरुवोत्तु, सासू उर्वशी. यातली सासू सहाय्यक मानायची, तर मुख्य कोण, पूर?

पण श्रोतेहो, खरा मुद्दा याच्या पुढचा आहे. मी हे बोलतोय आणि तुमच्यापैकी बहुतेकांनी ‘उळ्ळोळुक्कु’ पाहिलेला नसणार. ‘जिप्सी’ तरी किती जणांनी पाहिलाय? ‘नाळ भाग २’ आणि ‘श्यामची आई’ हे दोन्ही २०२३ च्या दिवाळीत एकाच शुक्रवारी लागले, १० नोव्हेंबरला. आणि दोनच दिवसांनी, रविवारी, आला सलमान खानचा ‘टायगर ३’. अशा वेळी मराठी सिनेमाच्या वाट्याला कुठले खेळ येतात ते मल्टिप्लेक्सला जाणाऱ्याला सांगायला नको. सकाळचा, नाहीतर भर दुपारचा, तोही घरापासून लांबच्या थिएटरात. पुरस्कार जाहीर होईपर्यंत पावणेदोन वर्षं गेलेली, कारण २०२३ मध्ये सेन्सॉर झालेल्या सिनेमांचा विचार २०२५ मध्ये झाला. पोस्टर कधीच उतरलेलं. म्हणजे पेपरात वाचून एखाद्याला सिनेमा बघावासा वाटला, तर त्यानं जायचं कुठे?

पूर्वी याची एक सोय होती. माझ्या पिढीला रविवारची दुपार आठवत असेल. दूरदर्शनवर प्रादेशिक चित्रपट लागायचा. जेवणं आटोपून, अर्धवट झोपेत, आम्ही मल्याळम दिग्दर्शक अदूर गोपालकृष्णन यांचे सिनेमे पाहिले, कन्नडमधल्या गिरीश कासारवल्लींचे पाहिले. भाषा कळायची नाही, खालची इंग्रजी अक्षरं वाचेवाचेतो पुढचं दृश्य यायचं. घरातली मोठी माणसं ‘काय ते रटाळ’ म्हणत कूस बदलायची. पण देशात दुसरीकडे माणसं कशी राहतात, काय खातात, मयताला कशी बसतात, हे आमच्या घरात त्या दुपारींनी आणलं. ते सिनेमे बहुधा पदक मिळवलेलेच असायचे, म्हणजे पुरस्कार आणि प्रेक्षक यांच्यात एक सरळ वाट होती.

ती वाट पुन्हा काढायला फार पैसा लागेल असं मला वाटत नाही. पुरस्कार सरकारचे, दूरदर्शनही सरकारीच. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, ‘वेव्ह्ज’ नावाचं स्वतःचं ओटीटीसुद्धा सुरू केलंय. निर्मात्यांशी हक्कांचा व्यवहार करावा लागेल, मान्य. मग पुरस्काराच्या रकमेसारखीच त्याचीही तरतूद करा. घोषणा आणि सोहळा यांच्यात यंदा जवळजवळ आठ आठवडे होते, १ ऑगस्ट ते २३ सप्टेंबर. तेवढ्या रविवारी दुपारी एकेक सिनेमा सह्याद्री वाहिनीवर दाखवता आला असता, आणि खाली अक्षरं इंग्रजी नकोत, मराठी हवीत. सुरुवात ‘उळ्ळोळुक्कु’नं करा. त्यातली सासू सहाय्यक की मुख्य, ते आमचं आम्ही ठरवू.

नमस्कार.