आजीच्या पदरावरचा मोर

नमस्कार, श्रोतेहो. रत्नागिरीतल्या जुन्या घरात लाल खड्याचा एखादा डाग, म्हणजे दागिना, निघाला, की त्याची गोष्ट ठरलेलीच असते. ‘थिबा राजाकडचा माणिक हो तो!’ आमच्याकडेही एक होता. आजीच्या पदराला लावायचा सोन्याचा ब्रोच. आत्या त्याला ‘बुरूच’ म्हणते. मोराचा आकार आणि मोराच्या पोटात चिंचोक्याएवढा लाल खडा.

गोष्टीला आधार नाही असं नाही. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले घेतली आणि १८८६ मध्ये तिथल्या राजाला, थिबाला, रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाड्यात राहायला जाईपर्यंत १९१० साल उजाडलं, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. तनखा पुरत नसे, म्हणून बरोबर आणलेलं जडजवाहीर विकत दिवस काढले. तेव्हापासून गावातला प्रत्येक लाल खडा राजाचा! इतके माणिक खरोखर असते, तर त्याला तनख्याची गरजच पडली नसती.

जुना दागिना पारखायचा असेल तर तो आधी उलटा करा. पुढची बाजू लग्नकार्यात मिरवायची असते. खरी माहिती मागे असते. ब्रोचच्या मागे बिजागरी, पिन आणि पिन अडकवायचा आकडा पाहायचा. एकोणिसाव्या शतकातल्या विलायती ब्रोचला बहुधा नुसता उघडा आकडा असतो आणि पिनेचं टोक कडेबाहेर डोकावतं. फिरवून बंद करायची कडी रुळली ती विसाव्या शतकात. पण पिना तुटतात, बदलल्या जातात. सोन्यावर राखी रंगाचा डाख, म्हणजे सांधायला वापरलेला धातू, दिसला, तर समजायचं की कुणीतरी घाईत दुरुस्ती केलीय. मग एकट्या कडीवरून साल सांगायला जाऊ नये.

सोनाराकडे कस लावताना तो पिनेवर लावू देऊ नका. बावीस कॅरट सोनं मऊ, त्याची पिन वाकते, म्हणून ती मुद्दाम कमी कसाची करतात. आणखी एक. १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आलं आणि काही वर्षं चौदा कॅरटच्या वर नवा दागिना घडवायला बंदी होती. तेव्हा आईच्या लग्नातला डाग हलका निघाला, म्हणून गेलेल्या सोनाराला शिव्या देऊ नका.

पुतळ्यांची माळ असेल तर एक पुतळी भिंगाखाली धरा. बायका तिच्यावर देवांची जोडी पाहतात. तिचं मूळ मात्र व्हेनिसचं नाणं. त्यावर उभा संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख. व्यापारातून ती नाणी इकडे आली, सोनारांनी नकला केल्या, आणि नकलेची नक्कल होता होता संताचा देव झाला. मला हा प्रवास माणकापेक्षा जास्त आवडतो.

असो, खडा राहिला. १९०२ साली व्हेर्नय नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ज्योतीतून पूड वितळवत माणिक तयार करायची रीत जाहीर केली. ती काच नव्हे, घटक माणकाचेच. पण हा खडा थराथराने वाढतो, म्हणून दहापट भिंगाखाली आत वाकड्या रेघा दिसतात, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. कधी गोल बुडबुडेही दिसतात. खाणीतल्या माणकात रेघा सरळ असतात, कोनात वळतात, आणि पुष्कळदा रेशमासारखे तंतू दिसतात. आमच्या मोराच्या पोटात रेघा वाकड्या होत्या. १८८६ साली राजाबरोबर आलेला खडा १९०२ नंतर जन्मला कसा? आत्या पोटभर हसली. म्हणाली, “बरं झालं, आता दागिना हरवला तरी राजा रागवायचा नाही.”

इथल्या खाऱ्या हवेसाठी दोन शब्द सांगतो. चांदीच्या डागांना रबरबँड गुंडाळू नका, रबरातल्या गंधकाने ते काळे पडतात. ठुशी उकळत्या पाण्यात टाकू नका, मण्यांत लाख भरलेली असू शकते. आणि साफ करताना मागची बाजू घासूच नका.

आम्ही घासली असती तर एक गोष्ट गेली असती. कडीजवळ सुईने ओरखडलेला एक आकडा होता, ४१, आणि त्याखाली मोडी लिपीत एक अक्षर. सोनाराचा शिक्का ठोकलेला असतो, तो असा ओरखडत नाहीत. सराफाला दाखवला. तो म्हणाला, “गहाण ठेवलेल्या डागावर असा नंबर टाकायचे.”

आत्याला सांगितलं. या वेळी ती हसली नाही. आतून आजीचे चार फोटो घेऊन आली आणि ओळीने मांडले. पहिल्यात पदरावर मोर आहे. शेवटच्यातही आहे. मधल्या दोन्ही फोटोंत आजीच्या पदराला साधी सेफ्टीपिन आहे.