परदेशात जेवायचं कुठे? जिथे तिथली माणसं रोज जेवतात तिथे

[दृश्य: पुणे, महात्मा फुले मंडई. सकाळचे आठ. टेम्पोतून भाजी उतरते आहे.]

ही मंडई 1886 पासून पुण्याला भाजी पुरवते आहे. तिच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत आत्ता मिसळ उकळते आहे. बाकावर हमाल, भाजीवाल्या मावशी, ऑफिसला निघालेली मुलं, सगळे खांद्याला खांदा लावून बसलेत. दुपारी तीनला या, शटर खाली असेल. मिसळ सकाळची, राइसप्लेट दुपारची, वडापाव संध्याकाळचा. हे पुणेकराला कुणी सांगावं लागत नाही.

परदेशात कमी पैशांत उत्तम खायचं, तर आधी त्या गावाच्या या वेळा माहीत करून घ्यायच्या. आणि मग ज्या बाकावर तिथला हमाल बसतो, त्याच बाकावर जाऊन बसायचं.

[दृश्य: हनोई. फुटपाथवर प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं.]

व्हिएतनामच्या हनोई शहरात सकाळ होते ती ‘फो’ या पदार्थाने. तांदळाच्या चपट्या शेवया आणि वरून तासन् तास उकळलेलं गरम पाणीदार सूप. त्यात चक्रफूल असतं, दालचिनी असते. आपल्या गोड्या मसाल्याचा वास ओळखीचा असलेल्या नाकाला तो वाडगा परका वाटत नाही. सूप बहुतेक ठिकाणी बीफचं असतं. चिकनचं हवं असेल तर ‘फो गा’ मागायचं. अशा दुकानात बहुधा एकच पदार्थ मिळतो, आणि आम्हाला तीच खात्रीची खूण वाटते. एकच पातेलं, सकाळपासून रांग, माल शिळा व्हायला वेळच नाही.

तिथलीच बान मी घ्या. पाव फ्रेंचांनी आणला, आतलं सगळं व्हिएतनामी: आंबवलेलं गाजर आणि मुळा, काकडी, कोथिंबीर, मिरची, आणि मांस किंवा अंडं. गाडीवर 25 ते 30 हजार डाँगला मिळते. आकडा ऐकून घाबरू नका, आपले शंभर रुपये होतात, कुठे कमी, कुठे थोडे जास्त.

[दृश्य: पुणे. घरातला हॉल. उघडी सुटकेस, त्यात ठेपले, चटणी, भडंग.]

सहलीच्या आदल्या रात्री पुण्यातल्या कितीतरी घरांत हे चित्र दिसतं. थोडा खाऊ न्यावाच. विमान उशिरा पोचतं, लहान मूल अडून बसतं, एखाद्या दिवशी पोटाला घरचंच हवं असतं. पण सुटकेस खाऊने भरून न्यायची आणि रोज संध्याकाळी टॅक्सी करून भारतीय हॉटेल शोधायचं, तिथे पुण्याच्या कितीतरी पट भावाने पनीर बटर मसाला खायचा, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. इतक्या दूर जाऊन त्या लोकांच्या ताटात काय असतं हे न बघताच परत यायचं?

“आम्ही शाकाहारी आहोत, आमचं काय?” हा प्रश्न खरा आहे. थायलंड-व्हिएतनाममध्ये भाजीतही माशाचा सॉस पडतो, चटणीत सुकट असते. नुसतं “चिकन नको” म्हणून भागत नाही. पण वाट आहे, आणि ती तिथल्याच लोकांनी आखलेली आहे.

[दृश्य: बँकॉक. पिवळा झेंडा, त्यावर लाल थाई अक्षरं.]

हा पिवळा झेंडा ओळखायला शिका. त्यावर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेलं असतं. इथे मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूधही नाही. आणि कांदा-लसूणही नाही! माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, मग हे चातुर्मासातलंच झालं की!” तिथे चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस हे व्रत पाळतात. बऱ्याच वर्षी ते आपल्या नवरात्राच्या आसपासच येतं. 2024 साली तर दोन्ही 3 ऑक्टोबरलाच सुरू झाले. त्या दिवसांत रस्तेच्या रस्ते पिवळ्या झेंड्यांनी भरतात आणि शाकाहारी माणसाची चंगळ होते.

व्हिएतनाममध्ये पाटीवर ‘चाय’ शोधायचं. हा आपला चहा नव्हे, हे शाकाहारी जेवण. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले अनेक बौद्ध लोक तेच जेवतात, त्यामुळे त्या दिवशी ताजे पदार्थही जास्त मिळतात.

[दृश्य: सिंगापूर. हॉकर सेंटर, दुपारची गर्दी.]

सिंगापूर महाग, असं सगळे सांगतात. हॉटेलची खोली महाग आहेच. पण इथलं हॉकर सेंटर बघा. हॉकर म्हणजे फेरीवाले. एकेकाळी ते रस्त्यावर गाड्या लावत. पुढे सरकारने त्यांना पाणी, गटार आणि छप्पर असलेल्या जागा बांधून दिल्या. 2020 मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली. आपल्या हातगाडीवाल्यांकडे बघताना ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

आत शिरलात की आधी टेबल धरा. टेबलावर टिश्यूचं पाकीट पडलेलं दिसलं, तर ती जागा कुणीतरी धरून ठेवली आहे. तिथे बसू नका. मग फिरा. एका काउंटरला काचेमागे वीसेक ट्रे असतात: परतलेली पालेभाजी, टोफू, वांगी, अंडी, मासे. नावं यायची गरज नाही, बोट दाखवायचं. भातावर दोन-तीन गोष्टी पडतात आणि ताट हातात येतं. बहुतेक साधी जेवणं 4 ते 6 सिंगापूर डॉलरमध्ये होतात. लिटिल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये चिनी, मलय आणि तमिळ जेवण एकाच छपराखाली आहे; चौघांनी चार वेगळी ताटं घ्यावीत आणि मध्ये ठेवून वाटून खावीत. जेवण झाल्यावर ताट उचलून ठेवायचं, तसा तिथे नियमच आहे.

पोटाची काळजी? समोर तयार झालेलं, वाफाळतं खा. बर्फाची शंका वाटली तर घेऊ नका. फळ स्वतः सोला. सुट्टे पैसे जवळ ठेवा.

[दृश्य: मॉरिशस, पोर्ट लुईस. काचेची पेटी ठेवलेली गाडी.]

आणि हे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात इथे मजूर म्हणून गेलेल्यांत मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही आहेत. इथली रस्त्यावरची आवडती गोष्ट म्हणजे डालपुरी. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवायची, कोरडी वाटायची, हळद-जिरं घालायचं, मैद्याच्या उंड्यात भरायची आणि हलक्या हाताने लाटायची. पुरणपोळी लाटलेल्या कुठल्याही हाताला हे जमेल, फक्त यात गूळ नाही. पोळी इतकी मऊ की उचलताना सांभाळावी लागते. तिच्यावर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, रुगाय नावाची टोमॅटोची ग्रेव्ही आणि हिरव्या मिरचीची चटणी पसरतात, गुंडाळी करून कागदात देतात. उभ्या उभ्या खायची, बोटांवर ओघळू द्यायची. एक मागायची पद्धत नाही. डालपुरी तिथे जोडीनेच मिळते.